पाहायचंय की जपायचंय? रेकॉर्डिंगचा बॉक्स घेण्याआधी

प्रश्न कुडाळच्या एका ताईंचा आहे, थोडक्यात असा: घरात एक डीटीएच कनेक्शन आहे आणि मागच्या खोलीत सासऱ्यांसाठी फ्री डिश. सासूबाईंची रात्रीची मालिका नेमकी जेवणं वाढायच्या वेळेला येते, ती नंतर बघता यायला हवी. सासऱ्यांना सह्याद्री वाहिनीवरचे नाट्यसंगीताचे कार्यक्रम आणि मुलाखती साठवून ठेवायच्या आहेत. यजमान बोटीवर असतात, सुट्टी संपवून जाताना त्यांना हेच कार्यक्रम लॅपटॉपवर घालून न्यायचे आहेत. दुकानदार म्हणतो, 'यूएसबी असलेला कुठलाही बॉक्स घ्या, सगळं रेकॉर्ड होतं.' मग तो घ्यावा की डीटीएच कंपनीचाच रेकॉर्डर? आणि पेन ड्राइव्ह पुरेल की हार्ड डिस्क लागेल?

ताई, दुकानदार अर्धं खरं सांगतोय. उरलेलं अर्धं पैसे दिल्यावर कळतं. मी डिश बसवायचं आणि बॉक्स दुरुस्त करायचं काम करतो. रेकॉर्डिंगवरून दुकानात परत आलेल्या लोकांचं गाऱ्हाणं बहुतेक वेळा एकच असतं: रेकॉर्ड झालं खरं, पण कॉम्प्युटरवर चालत नाही. त्यांचा बॉक्स बिघडलेला नसतो, तो मुळात तसाच बनवलेला असतो. म्हणून मॉडेल, किंमत, किती जीबी हे सगळं नंतर. आधी हे ठरवा की कार्यक्रम फक्त उशिरा पाहायचाय की कायमचा जपायचाय. तुमच्या घरात दोन्ही गरजा आहेत आणि दोन्ही एका बॉक्सने भागणार नाहीत.

पैसे भरून घेतलेल्या डीटीएचचा सिग्नल आकाशातूनच कुलूप लावून येतो. बॉक्समधलं कार्ड, किंवा हल्ली कार्डाशिवाय आतली चिपच, ते कुलूप तुमच्या रिचार्जच्या जोरावर उघडते. रेकॉर्ड करताना बॉक्स तो कार्यक्रम उघडा करून डिस्कवर ठेवत नाही, स्वतःच्या किल्लीने पुन्हा बंद करून ठेवतो. ही किल्ली त्या एका बॉक्सपुरतीच असते. म्हणून ती डिस्क लॅपटॉपला लावली की लॅपटॉप म्हणतो, ही डिस्क ओळखता येत नाही, फॉरमॅट करू का? घाईत 'हो' दाबलं की संपलं. शेजारच्या घरी त्याच कंपनीचा, त्याच मॉडेलचा बॉक्स असला तरी त्यावर ते चालत नाही. बॉक्स बिघडला आणि कंपनीने बदलून दिला, तर जुनं रेकॉर्डिंग नव्या बॉक्सला परकं. रिचार्ज संपला तर सहसा साठवलेलंही उघडत नाही. भारतात डीटीएच रेकॉर्डर आले त्याला बरीच वर्षं झाली. तेव्हाच्या टाटा स्कायने, म्हणजे आताच्या टाटा प्लेने, २००८ मध्ये 'टाटा स्काय प्लस' आणला तेव्हा हार्ड डिस्क बॉक्सच्या पोटातच होती. पुढे बाहेरून यूएसबी डिस्क जोडायचे स्वस्त बॉक्सही आले. डिस्क आत असो वा बाहेर, कुलूप तेच. यात कंपन्यांची लबाडी म्हणता येणार नाही, वाहिन्या त्यांना याच अटीवर कार्यक्रम देतात. पण विकणारा हे आपणहून सांगत नाही, हेही तितकंच खरं.

सासूबाईंच्या मालिकेला मात्र हे कुलूप आड येत नाही. भाग रात्री दहाला बघायचा, पुसायचा, उद्याचा पुन्हा. त्यासाठी कंपनीचा रेकॉर्डिंगवाला बॉक्स चांगला, कारण त्यात कार्यक्रमपत्रिका नीट येते आणि मालिकेच्या नावावर एकदा बटण दाबलं की रोजचा भाग आपोआप साठतो. पण घेण्याआधी दोन गोष्टी विचारा. रेकॉर्डिंगच्या सोयीला वेगळा मासिक आकार आहे का? आणि एक चॅनल रेकॉर्ड होत असताना दुसरं कुठलंही चॅनल बघता येईल का? दुसऱ्या प्रश्नाला 'हो' उत्तर मिळालं तर लगेच पुढचं विचारा: डिशपासून बॉक्सपर्यंत किती वायरी लागतील? दोन ट्यूनरच्या, म्हणजे एका वेळी दोन चॅनल पकडणाऱ्या, बॉक्सला साधारणपणे दोन वायरी आणि डिशवर दोन तोंडांचा एलएनबी (डिशसमोरची सिग्नल पकडणारी डबी) लागतो. कारण असं की एका वायरीवरून एका वेळी सिग्नलचा एकच गट उतरतो. बॉक्स १३ व्होल्ट पाठवतो तेव्हा एलएनबी उभ्या ध्रुवणाचे, म्हणजे उभ्या लहरींतून येणारे, चॅनल देतो, १८ व्होल्ट पाठवतो तेव्हा आडव्या. एक ट्यूनर १३ मागतोय आणि दुसरा १८, तर एका वायरीने दोघांचं समाधान कसं करायचं? पुष्कळ घरांत दोन ट्यूनरचा बॉक्स एकाच वायरीवर लावलेला असतो. मग 'दुसरं चॅनल मधेच जातं' म्हणून तक्रार येते. भिंतीतून वायर ओढायची असेल तर रंगकामाच्या आधी ओढून घ्या.

खरं सांगायचं तर सासूबाईंसाठी मी आधी रेकॉर्डर सुचवणारच नाही. मराठी मालिकांचं पुनःप्रक्षेपण दुसऱ्या दिवशी सकाळी किंवा दुपारी बहुतेक असतंच. घरात ब्रॉडबँड असेल तर झी मराठीच्या मालिका झी फाइव्हवर आणि स्टार प्रवाहच्या जिओहॉटस्टारवर सापडतात. डीटीएच कंपन्यांचा ओढाही आता हार्ड डिस्कच्या रेकॉर्डरपेक्षा इंटरनेट जोडायच्या अँड्रॉइड बॉक्सकडे आहे. एका मालिकेपायी बॉक्स बदलायचा, नवी वायर ओढायची, डिस्क घ्यायची, आणि मालिका सहा महिन्यांत बंद! इंटरनेट धड चालत नसेल, किंवा सासूबाईंना मोबाइलची कटकट नको असेल, तरच रेकॉर्डर घ्या.

सासऱ्यांची गोष्ट वेगळी आहे आणि मला खरा रस तिथेच आहे.

फ्री डिश ही प्रसार भारतीची, म्हणजे दूरदर्शन चालवणाऱ्या संस्थेची, मासिक शुल्क नसलेली सेवा. डिसेंबर २००४ मध्ये ती 'डीडी डायरेक्ट प्लस' या नावाने सुरू झाली. आता ती जीसॅट-१५ या उपग्रहावरून येते, तो ९३.५ अंश पूर्वेला उभा आहे. सह्याद्री तुमच्या डीटीएचवरही दिसत असेल, पण तिथून रेकॉर्ड केलं की पुन्हा कुलूप आलं. फ्री डिशवर ज्या वाहिन्या उघड्या येतात, त्या रेकॉर्ड केल्या की उघडी फाइल मिळते. बॉक्स त्यात काही घालत नाही आणि काही काढत नाही. आकाशातून आलेला प्रवाह जसाच्या तसा डिस्कवर उतरतो. अशी फाइल कॉम्प्युटरवर व्हीएलसी या मोफत प्लेअरमध्ये थेट चालते. दुसऱ्या बॉक्सवर चालते, टीव्हीच्या यूएसबीवरही बऱ्याचदा चालते. कार्यक्रम जपायचा असेल तर हाच मार्ग. सासऱ्यांचा कार्यक्रम डीटीएचच्या बॉक्सवर रेकॉर्ड करायचाच नाही, हे घरात सगळ्यांना सांगून ठेवा.

बॉक्स कुठला घ्यायचा? खोक्यावर 'डीव्हीबी-एस२' (सिग्नल पकडायची पद्धत) आणि 'एमपीईजी-४' (चित्र दाबून लहान करायची पद्धत) हे दोन्ही लिहिलेलं हवं. फ्री डिशवरचे काही चॅनल जुन्या एमपीईजी-२ पद्धतीने येतात, काही एमपीईजी-४ ने. नवा बॉक्स दोन्ही दाखवतो, जुना फक्त पहिले. 'एच.२६५' किंवा 'एचईव्हीसी' (एकाच नव्या पद्धतीची ही दोन नावं) असंही लिहिलेलं असेल तर शे-दोनशे जास्त द्यायला हरकत नाही. प्रसार भारतीने एमपीईजी-४ वाहिन्यांसाठी 'आयकॅस' ही भारतीय कूटप्रणाली, म्हणजे कुलूप लावायची पद्धतही आणलेली आहे, आणि तशा बंद वाहिन्या अधिकृत बॉक्सवरच दिसतात. त्यांचं रेकॉर्डिंग होईलच असं धरून चालू नका. दुकानात बॉक्स जोडून सह्याद्री लावायला सांगा, रिमोटवरचं लाल गोल टिंबाचं बटण दाबा आणि दोन मिनिटं रेकॉर्ड करा. मग पेन ड्राइव्ह काढून दुकानातल्याच कॉम्प्युटरवर लावून बघा. एवढं करायला जो दुकानदार कुरकुर करेल त्याच्याकडून बॉक्स घेऊ नका.

हे बॉक्स साधारण हजार ते दोन हजारांत मिळतात. आत चिप कुणाची, मेन्यू कसा दिसतो यात फरक असतो, चित्रात तसा फरक नसतो. 'पीव्हीआर रेडी' असं लिहिलेलं असेल तर त्याचा अर्थ एवढाच की बॉक्स रेकॉर्ड करू शकतो, डिस्क तुम्ही आणायची. रेकॉर्डिंगसाठी म्हणून बॉक्स घेताना मी ज्यावर अडून बसतो ती गोष्ट म्हणजे टायमर. समोर बसून बटण दाबून रेकॉर्ड करणं सगळ्याच बॉक्सना येतं. तुम्ही घरात नसताना, बॉक्स रिमोटने बंद केलेला असताना, ठरल्या वेळी त्याने स्वतः उठून रेकॉर्ड करून पुन्हा झोपायचं, हे सगळ्यांना जमत नाही. काही बॉक्सांच्या टायमरमध्ये दोन प्रकार असतात: एकात बॉक्स फक्त त्या चॅनलवर जातो, दुसऱ्यात खरोखर रेकॉर्ड करतो. प्रकार न बघता टायमर लावला की सकाळी डिस्क रिकामी.

घड्याळाचं तर विचारू नका. बॉक्स आपली वेळ उपग्रहाच्या सिग्नलमधून घेतो, पण ती येते जागतिक वेळेत. त्यात किती तास मिळवायचे हे सेटिंगमध्ये सांगावं लागतं. आपल्याकडे हे ५:३० हवं. चीनमधून आलेल्या बॉक्समध्ये ते ८:०० ठेवलेलं असू शकतं. मग घड्याळ बरोबर अडीच तास पुढे. रात्री साडेआठचा टायमर बॉक्सच्या हिशेबाने संध्याकाळी सहालाच वाजतो आणि नाट्यसंगीताऐवजी भलतंच काहीतरी साठतं. घड्याळ अडीच तास चुकलेलं दिसलं की बॉक्स खराब आहे असं समजून परत करायला जाऊ नका, मेन्यूत 'टाइम झोन' बघा.

आता लाइट. टायमर लावलाय, बॉक्स स्टँडबायवर आहे, दुपारी तासभर लाइट गेली आणि परत आली. काही बॉक्स लाइट आल्यावर स्टँडबायवर येतात आणि टायमर लक्षात ठेवतात. काही चालूच होऊन बसतात. काहींना वेळच आठवत नाही, चॅनल लागून सिग्नल मिळेपर्यंत त्यांचं घड्याळ शून्यावर. घरी आणल्यावर पहिल्याच दिवशी ही परीक्षा घ्या: दहा मिनिटांनंतरचा टायमर लावा, रिमोटने बॉक्स बंद करा, भिंतीवरचं बटण बंद करून मिनिटभराने चालू करा, आणि खोलीतून निघून जा. परत आल्यावर फाइल तयार असेल तर बॉक्स ठेवा. नसेल तर बदलून घ्या, म्हणून बिल जपून ठेवा. हे बॉक्स १२ व्होल्टच्या अडॅप्टरवर चालत असतील तर वायफाय राउटरसाठी मिळतो तो छोटा १२ व्होल्टचा यूपीएस त्यांना चालतो. फक्त त्याचे अँपिअर अडॅप्टरपेक्षा कमी नकोत. कोकणातल्या जून-जुलैच्या लाइटीला हा खर्च लगेच वसूल होतो. एक बरं आहे, या प्रकारच्या फाइलचा शेवट तुटला तरी तोवरचं रेकॉर्डिंग बहुतेक वेळा शाबूत राहतं.

कार्यक्रमपत्रिकेवर फ्री डिशवर फार विसंबू नका. आत्ता काय चालू आहे ते कधी बरोबर दिसतं, कधी नुसतं चॅनलचं नाव. वेळ हाताने घाला: पाच मिनिटं आधीपासून, पंधरा मिनिटं नंतरपर्यंत. एखादं भाषण किंवा सामना लांबला की पुढचं सगळं सरकतं आणि भैरवीच कापली जाते.

या स्वस्त बॉक्सांत ट्यूनर एकच असतो. मग रेकॉर्डिंग चालू असताना सासऱ्यांनी दुसरं काही बघायचंच नाही का? थोडं बघता येतं. उपग्रहावरचा एक ट्रान्सपाँडर अनेक चॅनल एकत्र पाठवतो आणि ट्यूनर तो सगळा गठ्ठाच घेत असतो. सह्याद्री ज्या गठ्ठ्यात आहे त्यातलं दुसरं चॅनल चांगला बॉक्स रेकॉर्डिंग न थांबवता दाखवतो. गठ्ठ्याबाहेरचं चॅनल दाबलं की विचारतो, रेकॉर्डिंग थांबवू का? दुकानात हेही करून बघा, कारण काही बॉक्स काही न विचारता थांबवतात. वडीलमाणसांच्या हातात रिमोट असताना हे फार महत्त्वाचं.

पेन ड्राइव्ह की डिस्क, याचं उत्तर आकड्यांनी देतो. साध्या एसडी चॅनलचा प्रवाह सेकंदाला सुमारे ४ मेगाबिट धरला तर तासाला १.८ जीबी होतात. एचडी चॅनल ८ मेगाबिट धरलं तर ३.६ जीबी. म्हणजे ६४ जीबीच्या पेन ड्राइव्हवर एसडीचे तीस-पस्तीस तास आणि एक टीबीच्या डिस्कवर साडेपाचशे. वेगाची चिंता नको, ४ मेगाबिट म्हणजे सेकंदाला अर्धा एमबी, कुठलाही धड पेन ड्राइव्ह ते झेलतो. अडचण उष्णतेची आणि झिजेची असते. त्यातही कारण रेकॉर्डिंग नसतं, कारण 'टाइमशिफ्ट' असतं. चालू कार्यक्रम थांबवून मागे नेता येण्याची ती सोय चालू राहिली, तर टीव्ही बघत असताना सगळा वेळ बॉक्स पेन ड्राइव्हवर लिहीत बसतो. सासरे दिवसाचे सहा तास टीव्ही बघत असतील तर सहा तास. स्वस्त पेन ड्राइव्ह त्याने लवकर मरतो. मेन्यूत जाऊन टाइमशिफ्ट बंद करा किंवा 'पॉज'पुरता ठेवा.

हार्ड डिस्क लावायची तर वेगळाच पेच आहे, आणि तो दुकानात बहुधा कळत नाही. बॉक्सचा अडॅप्टर पुष्कळदा १२ व्होल्ट १ अँपिअरचा असतो, म्हणजे एकूण १२ वॅट. त्यातून बॉक्स चालायचा, डिशवरचा एलएनबी चालायचा आणि वर यूएसबीची डिस्क. लॅपटॉपमध्ये असते तशी अडीच इंची डिस्क फिरायला लागताना क्षणभर पाच वॅटच्या आसपास ओढते. तेवढं मिळालं नाही तर डिस्क 'टिक... टिक...' करते, पडद्यावर 'यूएसबी जोडले', 'यूएसबी काढले' असं आळीपाळीने येत राहतं आणि रेकॉर्डिंग मधेच तुटतं. लोक डिस्क बदलतात, बॉक्स बदलतात. बदलायला हवं असतं ते वीज मिळण्याचं ठिकाण. स्वतःचा अडॅप्टर असलेला यूएसबी हब मधे लावा, डिस्कला तिथून वीज मिळेल. किंवा फिरणारी डिस्क नकोच, २४० जीबीची लहान एसएसडी (फिरणारे भाग नसलेली डिस्क) यूएसबीच्या डबीत घालून लावा. तिला सुरुवातीचा तो झटका लागत नाही, आवाज नाही, आणि एसडीचे सव्वाशेच्या वर तास मावतात. तुमच्या सासऱ्यांसाठी मी हेच करीन: एसएसडी बॉक्सला कायमची, आणि मोठी हार्ड डिस्क कपाटात, महिन्यातून एकदा निवडक फाइली उतरवायला.

डिस्क फॉरमॅट करताना फॅट-३२ या जुन्या मांडणीत एक फाइल ४ जीबीच्या वर जात नाही. त्यामुळे तीन तासांचा नाट्यमहोत्सव दोन-तीन तुकड्यांत साठतो. बॉक्स स्वतः ते सलग दाखवतो, लॅपटॉपवर तुकडे दिसतात. बॉक्स एनटीएफएस किंवा एक्सफॅट या दुसऱ्या मांडण्यांवर लिहू शकत असेल तर हा त्रास नाही. फॉरमॅट बॉक्समध्येच करा, पण आधी त्या डिस्कवर लग्नाचे फोटो वगैरे नाहीत ना ते बघून.

आता डिशकडे या. टीव्ही बघताना सेकंदभर चित्र फुटलं तर आपण विसरून जातो. रेकॉर्डिंगमध्ये मात्र ते कायमचं राहतं, आणि नेमकं तानेच्या टोकाला आलं तर दर वेळी तिथेच खटकतं. बॉक्सच्या सिग्नल पानावर दोन पट्ट्या असतात. वरची 'स्ट्रेंग्थ' बघून खूश होऊ नका, वायर आणि एलएनबी धड आहेत एवढंच ती सांगते. खालची 'क्वालिटी' बघा. कोरड्या, निरभ्र दिवशी ती जेमतेम हिरवी असेल तर आषाढात ती तग धरणार नाही. फ्री डिशचा सिग्नल केयू बँड नावाच्या लहरींच्या पट्ट्यात येतो आणि मुसळधार पाऊस तो वाटेतच खातो. साधारण ६० सेंटीमीटरची डिश बसवायची पद्धत आहे. कोकणात रेकॉर्डिंगसाठी मी ९० ची सुचवतो. तिचं क्षेत्रफळ सव्वादोनपट, म्हणजे सुमारे साडेतीन डेसिबल जास्त सिग्नलची पुंजी हाताशी. ढगफुटीसारख्या पावसात तीही जाईल, पण साध्या सरीत टिकेल. कुडाळहून हा उपग्रह आग्नेयेला, क्षितिजापासून जवळजवळ ६० अंशांवर आहे. त्या बाजूला माड असेल तर आज मोकळं दिसणारं आकाश दोन वर्षांनी झावळीने भरेल. वायर तांब्याच्या गाभ्याची आरजी-६ घ्या आणि डिशकडच्या जोडावर पाणी जाणार नाही असा वायरीला खाली झोल द्या. खाऱ्या हवेत तो जोड दोन पावसाळ्यांत हिरवा पडतो, तेवढा दर मे महिन्यात बघत चला. आणखी एक: साधारण फेब्रुवारीअखेर ते मार्चच्या मध्यापर्यंत, आणि पुन्हा सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत, काही दिवस सूर्य बरोबर उपग्रहाच्या मागे येतो. आपल्याकडे सकाळी अकराच्या आसपास काही मिनिटं सिग्नल जातो. त्यासाठी डिश हलवू नका, आपोआप येतो.

याहून पुढचं सामान आहेच. लिनक्सवर चालणारे 'एनिग्मा-२' पद्धतीचे परदेशी रिसीव्हर, कॉम्प्युटरला लावायचे डीव्हीबी-एस२ ट्यूनर, त्यावर चालणारं 'टीव्हीहेडएंड' हे सॉफ्टवेअर. टायमर, नावं, मोबाइलवरून नियंत्रण सगळं देखणं होतं. पण आपल्याकडे ते महाग पडतं, दुरुस्त करून देणारा सापडत नाही, आणि आपल्या डीटीएचचं कुलूप त्यानेही उघडत नाही. घरात कुणाला खटपटीची आवड असेल तरच.

ते कुलूप उघडून देतो म्हणणारे भेटतील. 'इंटरनेटवरून कार्ड शेअर करून सगळे चॅनल फुकट, रेकॉर्डिंगसकट.' त्याच्या नादी लागू नका. कॉपीराइट कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीने ६५-अ हे कलम आलं. कॉपीराइटचा भंग करण्याच्या हेतूने असं तांत्रिक कुलूप फोडणं त्यानुसार गुन्हा आहे. उलट उघडा आलेला कार्यक्रम स्वतःच्या खासगी वापरासाठी रेकॉर्ड करायला त्याच कायद्याच्या ३९ व्या कलमात स्पष्ट मुभा आहे. सासऱ्यांनी साठवावं, यजमानांनी बोटीवर बघावं. मात्र तोच कार्यक्रम स्वतःच्या यूट्यूब चॅनलवर चढवला किंवा मंडळाच्या ग्रुपवर फिरवला, तर तो खासगी वापर राहत नाही.

साठवायला बसण्याआधी एकदा दूरदर्शन सह्याद्रीचं यूट्यूब चॅनल आणि प्रसार भारतीचं 'वेव्हज' हे ॲप चाळून बघा. नोव्हेंबर २०२४ मध्ये गोव्याच्या चित्रपट महोत्सवात हे ॲप सुरू झालं. हवा असलेला कार्यक्रम तिथे असेल तर रात्रीचा टायमर वाचला. सगळं तिथे येतंच असं नाही आणि आलेलं राहतंच असंही नाही, म्हणून रेकॉर्डिंग करणाऱ्यांचं काम संपत नाही. फ्री डिशवरच्या खासगी वाहिन्यांचं तर आणखी अस्थिर. त्या जागा लिलावाने जातात आणि १ एप्रिलला यादी बदलू शकते. २०२२ च्या एप्रिलमध्ये मोठ्या समूहांच्या हिंदी वाहिन्या अशाच एका रात्रीत गेल्या होत्या. एखाद्या खासगी मराठी वाहिनीवरचं काही हवं असेल तर मार्चच्या आत उरकून घ्या, आणि एप्रिलमध्ये चॅनल पुन्हा शोधल्यावर टायमर तपासा. नव्याने शोध घेतला की काही बॉक्स जुने टायमर पुसतात, किंवा चॅनलचा क्रमांक सरकल्यामुळे दुसरंच चॅनल रेकॉर्ड करतात.

यजमानांच्या लॅपटॉपसाठी शेवटचं. फाइल उतरवल्यावर तिचं रूपांतर लगेच करू नका, मूळ फाइल आहे तशी मोठ्या डिस्कवर ठेवा आणि नाव बदला: तारीख, कार्यक्रम, गायक. बॉक्सने दिलेलं नाव म्हणजे चॅनल आणि आकडे, वर्षभराने त्यातून काही उमगत नाही. आधीची-नंतरची कापाकापी 'लॉसलेसकट'सारख्या मोफत सॉफ्टवेअरने केली तर चित्राची प्रत उतरत नाही, कारण ते फक्त तुकडा तोडतं, चित्र नव्याने बनवत नाही. जागा कमी असेल तर नेण्यापुरती एच.२६४ मध्ये वेगळी प्रत काढा, तासाचे १.८ जीबी अर्ध्या जीबीच्या आसपास येतात. आणि व्हीएलसीत हलणाऱ्या हातांच्या कडांना आडव्या रेघा दिसल्या तर रेकॉर्डिंग खराब नाही. एसडीचं चित्र एकाआड एक ओळींनी येतं, व्हीएलसीच्या व्हिडिओ मेन्यूत 'डीइंटरलेस' चालू केलं की त्या जातात.